पोटाची हमी आणि कामाची अट

ज्याच्या हाताला काम नाही आणि घरात दाणा नाही, त्याचे समाज काही देणे लागतो का? लागत असेल तर ते बिनशर्त द्यावे की श्रमाच्या बदल्यात? हा प्रश्न धर्मशास्त्र, नीतिशास्त्र आणि राज्यशास्त्र या तिन्हींच्या हद्दीत येतो. धर्मशास्त्राने त्याचे उत्तर दानाच्या भाषेत दिले, नीतिशास्त्राने कर्तव्याच्या आणि विसाव्या शतकातील राज्यघटनांनी हक्काच्या. तिन्ही उत्तरांत भुकेल्याच्या पानात पडणारे अन्न तेच असते. ते पडले नाही तर जबाबदार कोण, याबाबत मात्र त्यांत फरक पडतो. दान मिळाले नाही तर कोणाकडे बोट दाखवता येत नाही. कर्तव्य चुकले तर चुकवणाऱ्याच्या मनाला टोचणी लागते, पण उपाशी माणसाच्या हाती काही येत नाही. हक्क डावलला गेला तर त्याला दाद मागता येते.

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड ही उत्तर युरोपातील कल्याणकारी राज्ये या तिसऱ्या उत्तराची ठळक उदाहरणे मानली जातात. त्याच उत्तराची एक स्वतंत्र मांडणी १९७० च्या दशकात महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेच्या रूपाने झाली. दोन्हीकडे हमी आहे आणि दोन्हीकडे, कमी-अधिक कडक, कामाची अटही आहे. या अटीला नैतिक आधार कोणता आणि ती कोठपर्यंत न्याय्य ठरते, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

दान, श्रम आणि देणे

मराठी संतपरंपरेत हा प्रश्न दामाजीपंतांच्या कथेत सर्वांत स्पष्टपणे येतो. दामाजीपंत हे मंगळवेढ्याचे, बिदरच्या सुलतानाच्या चाकरीतले अधिकारी. दुष्काळात माणसे अन्नान्न करू लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे उघडून धान्य वाटले. सुलतानाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम दिला, पण ते पोहोचण्याआधीच विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात धान्याची किंमत भरली, अशी ही कथा आहे. दामाजींनी वाटलेले धान्य त्यांचे स्वतःचे नव्हते, त्यामुळे रूढ अर्थाने ते दानही ठरत नाही. कथा दामाजींच्या बाजूने उभी राहते, पण कोठारातल्या धान्यावर भुकेल्यांचा हक्क होता असे ती म्हणत नाही. सुलतानाची मालकी ती मान्य करते आणि त्याची नुकसानभरपाई देवाकरवी करून देते. कायद्यात जी जागा मोकळी होती, ती कथेने चमत्काराने भरून काढली.

परंपरेचा दुसरा धागा श्रमाचा आहे. जो घेतो आणि परत काही देत नाही त्याला भगवद्गीतेचा तिसरा अध्याय चोर म्हणतो. सावता माळ्याचा मळा आणि गोरा कुंभाराचे चाक ही भक्तीचीच ठिकाणे ठरली. गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्याने गाव झाडत आणि मगच भाकर घेत. त्याच गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा उभारल्या आणि आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नदान केले. स्वतःवर लादलेली कामाची अट त्यांनी अपंगावर लादली नाही. महात्मा गांधींनी धडधाकट माणसाला फुकट जेवण घालण्याला विरोध केला आणि सदाव्रतांमुळे आळस व ढोंग वाढते असे मत मांडले. शरीरश्रमाशिवाय अन्न घेणे त्यांना अनैतिक वाटे. पण हा नियम ते आधी सुखवस्तूंना लावत, ही गोष्ट त्यांचा हवाला देणारे सहसा विसरतात.

बौद्ध वाङ्मयात राज्याच्या कर्तव्याचा विचार अधिक थेट आहे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात लुटारूंनी त्रस्त झालेल्या राजाला त्याचा पुरोहित सल्ला देतो, की शिक्षा आणि हद्दपारीने उपद्रव थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बियाणे द्यावे, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्यावे आणि राजसेवा करणाऱ्याला वेतन द्यावे. येथे दारिद्र्य हा पूर्वकर्माचा भोग म्हणून येत नाही. राज्यकारभारातील दोषाचा परिणाम म्हणून ते येते आणि म्हणून ते दूर करता येते.

युरोपात असेच वळण सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने आणले. मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये भिक्षेकरीपणा बंद करण्याची आणि प्रत्येक नगराने आपल्या गरिबांची सोय स्वतः लावण्याची मागणी केली. भीक घालून पुण्य मिळते ही कल्पना त्याने नाकारली आणि रोजचा साधा व्यवसाय हीच ईश्वराने नेमून दिलेली सेवा मानली. डेन्मार्क १५३६ मध्ये ल्यूथरपंथी झाला आणि पुढे सर्व उत्तरेकडील देशांत तोच पंथ राज्यधर्म बनला. गरिबांची जबाबदारी मठांकडून स्थानिक परगण्यांकडे आणि तेथून नगरपालिकांकडे आली. काम करू शकणाऱ्याने काम करावे आणि न करू शकणाऱ्याला समाजाने पोसावे, ही तेथील आजच्या व्यवस्थेची जोडगोळी त्या धर्मविचारात आधीच दिसते. तिला कायद्याचे रूप मिळाले ते मात्र कामगार चळवळीमुळे.

दुष्काळी कामापासून कायद्यापर्यंत

कामाच्या बदल्यात अन्न देण्याची पद्धत महाराष्ट्रात नवी नव्हती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात दुष्काळी कामे निघाली, तेव्हा ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि एक आणा इतकी खाली आणली. १८७७ मध्ये हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करण्यास नकार दिला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे झालेल्या दुष्काळ संहितांनी दुष्काळी कामाला कसोटीचे स्वरूप दिले. काम कष्टाचे आणि मजुरी तुटपुंजी ठेवायची, म्हणजे खरोखर गरजू असेल तोच येईल, असे तिचे सूत्र होते. आपण खरेच उपाशी आहोत, हे उपाशी माणसानेच अंगमेहनतीने सिद्ध करायचे होते.

१९७० ते १९७३ या काळात महाराष्ट्रावर पुन्हा मोठा दुष्काळ आला. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, खडी फोडणे अशी कामे निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती. सुकडी हा पूरक आहार आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी यांच्या आठवणी त्या पिढीत अजून आहेत. एवढ्या दुष्काळात मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले, याचे बरेचसे श्रेय या कामांना दिले जाते.

याच काळात एक वेगळी कल्पना आकार घेत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६५ मध्ये मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील अभ्यासात ग्रामीण भागात कामाची हमी देण्याचा पुरस्कार केला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये योजना जाहीर झाली. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला.

राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदातील कामाचा हक्क प्रत्यक्षात आणणे हा कायद्याचा घोषित हेतू होता. तो अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत येतो आणि मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयाकडून करून घेता येत नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. तरीही उपजीविकेचे साधन पुरवण्याची सक्ती राज्यावर करता येईल, असे न्यायालयाने म्हटले नाही. योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय असलेले साधन हिरावून घेता येणार नाही, इतकेच संरक्षण त्यातून मिळाले. रोजगार हमी कायदा या रेषेच्या पुढे गेला होता. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले तर पंधरा दिवसांत ते द्यायचे आणि न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा, असे बंधन त्याने शासनावर घातले.

नैतिकदृष्ट्या या तरतुदीने दुष्काळ संहितेतील कसोटी उलटी फिरवली. कामाची अट कायम राहिली, पण सिद्ध करण्याचा भार मजुराकडून शासनाकडे गेला. काम मागणाऱ्याला आपली गरिबी सिद्ध करावी लागत नव्हती. आपण काम दिले हे शासनाला दाखवावे लागत होते. पैशाची सोयही याच विचाराला धरून झाली. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसवला आणि शासनाने त्यात आपला वाटा घालायचे ठरवले. मुंबई-पुण्यातील पगारदाराच्या पगारातून वर्षाला कापले जाणारे जास्तीत जास्त २५०० रुपये हे मुळात मराठवाड्यातील किंवा विदर्भातील मजुराच्या हमीसाठी होते. कर भरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ते ठाऊक असते. या देण्यात दात्याचे नाव नाही, पुण्य नाही आणि उपकाराची भावनाही नाही.

व्यवहारात योजनेला अनेक दोष चिकटले. मस्टरवर खोटी नावे लागली, मजुरी रखडली, कामे गावापासून दूर निघाली. बेकारी भत्ता तर क्वचितच मिळाला, कारण काम मागितल्याची पोचच दिली नाही तर पंधरा दिवस मोजायला सुरुवात होत नाही. हमीचा सगळा डोलारा एका दिनांकित पावतीवर उभा होता. केंद्र सरकारने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला तेव्हा कुटुंबाला वर्षात १०० दिवसांच्या कामाची हमी देताना या पावतीचा स्पष्ट उल्लेख केला. भत्त्याचा दरही पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि नंतर किमान निम्मा असा ठरवला.

उत्तरेकडील देशांची व्यवस्था

नॉर्वेच्या राज्यघटनेतील ११० वे कलम सांगते की काम करू शकणाऱ्या प्रत्येकाला कामातून उपजीविका मिळवता येईल अशी परिस्थिती शासनाने निर्माण करावी आणि ज्यांना स्वतःचा निर्वाह करता येत नाही त्यांना शासनाच्या आधाराचा हक्क असावा. डेन्मार्कच्या राज्यघटनेतील ७५ व्या कलमात निर्वाहाचा हक्क आहे, पण कायद्याने घातलेली कर्तव्ये पाळण्याच्या अटीवर. फिनलंडच्या राज्यघटनेतील १९ वे कलम मानाने जगण्यासाठी आवश्यक साधने मिळवू न शकणाऱ्या प्रत्येकाला अत्यावश्यक निर्वाह आणि काळजीचा हक्क देते.

या देशांत आधार दोन थरांत मिळतो. पहिला थर बेकारी विम्याचा. डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंड येथे तो मुख्यतः कामगार संघटनांशी जोडलेल्या निधींमार्फत चालतो. डेन्मार्कमध्ये सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या कालावधीत दोन वर्षे भत्ता मिळतो. दुसरा थर शेवटच्या आधाराचा असतो. विमा संपला किंवा कधी नव्हताच, तर गरज तपासून दिला जाणारा निर्वाह भत्ता मिळतो. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये तो नगरपालिकांमार्फत दिला जातो, तर फिनलंडमध्ये २०१७ पासून त्याचा मूळ भाग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. या थरात अटी कडक असतात. बेकाराने नोकरी शोधत राहावे, प्रशिक्षणाला जावे, सांगितलेले काम घ्यावे, नाही तर भत्ता कापला जातो. नॉर्वेने २०१७ पासून तीस वर्षांखालील भत्ताधारकांना एखाद्या उपक्रमात सहभागी होणे बंधनकारक केले.

बेकाराला घरबसल्या पैसे देणारे देश अशी या राज्यांची भारतात असलेली प्रतिमा त्यामुळे अर्धवट आहे. कामाच्या अटीबाबत ती विसापूरच्या प्रयोगाच्या जवळ जातात. फरक हमीच्या दुसऱ्या बाजूत आहे. तेथे राज्य प्रशिक्षण देते, मुलांसाठी पाळणाघरे चालवते, उपचारांचा बहुतेक खर्च उचलते आणि मग काम कर असे सांगते. रोजगार हमीच्या कायद्यांनीही कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांची देखभाल यांची तरतूद केली होती. पण मजुराला देऊ केलेले काम मातीकामच राहिले आणि त्यातून पुढच्या, कमी कष्टाच्या कामाकडे जाणारी वाट तयार झाली नाही.

बिनशर्त उत्पन्नाचा पक्ष

अटच नको असे म्हणणारा विचारप्रवाहही जुना आहे. टॉमस पेनने १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत असा युक्तिवाद केला की जमीन मुळात सर्वांची आहे आणि ती खासगी मालकीत गेल्यामुळे वंचित झालेल्या प्रत्येकाला वयाच्या एकविसाव्या वर्षी १५ पौंड मिळाले पाहिजेत. हे पैसे तो भिक्षा मानत नव्हता. ते भाडे होते. १९५१ मध्ये पोचमपल्लीहून भूदान यात्रा सुरू करणाऱ्या विनोबा भावे यांनी जमिनीवर ईश्वराखेरीज कोणाचीच मालकी नाही असे सांगितले, तेव्हा त्यांचे गृहीतक पेनच्या जवळचेच होते. निष्कर्ष मात्र निराळा निघाला. पेनने कायद्याने वसूल होणारी रक्कम मागितली, तर विनोबांनी मालकाच्या हृदयपरिवर्तनावर भिस्त ठेवली.

आधुनिक तत्त्वज्ञानात हा वाद एका काल्पनिक माणसाभोवती फिरला. दिवसभर समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या धडधाकट तरुणाला समाजाने पोसावे का? जॉन रॉल्स यांच्या मते नाही. विश्रांतीची निवड त्याने स्वतः केली आहे. फिलिप व्हान पराइस यांनी १९९१ मध्ये उलट बाजू मांडली. नोकऱ्या स्वतःच दुर्मीळ संपत्ती आहेत, त्या ज्यांना मिळाल्या त्यांनी न मिळालेल्यांना त्या संपत्तीतला हिस्सा दिला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता.

प्रयोगांनी या वादाला थोडा आधार पुरवला. फिनलंडने २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत २००० बेकारांना दरमहा ५६० युरो कोणत्याही अटीशिवाय दिले. नोकरी लागली तरी रक्कम चालू राहिली. तुलनेच्या गटापेक्षा त्यांनी वर्षभरात सरासरी सहा दिवस जास्त काम केले आणि आपली मनःस्थिती अधिक चांगली असल्याचे सांगितले. मध्य प्रदेशात ‘सेवा’ या स्वयंरोजगारी स्त्रियांच्या संघटनेने २०११-१२ मध्ये आठ गावांत प्रौढांना सुरुवातीला दरमहा २०० आणि मुलांमागे १०० रुपये दिले. तेथेही काम कमी झाले नाही. उलट मजुरीऐवजी स्वतःच्या शेतीवर जास्त राबणारी कुटुंबे दिसली. फुकट मिळाले की माणूस आळशी होतो, हे सदाव्रताच्या विरोधकांचे गृहीतक इतक्या लहान रकमांच्या बाबतीत तरी टिकले नाही.

कामाच्या अटीला खरे आव्हान येते ते घरकामाच्या बाजूने. स्वयंपाक, पाणी भरणे, आजाऱ्याची आणि मुलांची देखभाल हे श्रमच आहेत, पण मस्टरवर त्यांची नोंद होत नाही. काम केले तरच आधार, असे म्हणणारी व्यवस्था कोणते काम मोजते हे सांगत नसेल, तर ती सर्वांत जास्त राबणाऱ्यांनाच बाहेर ठेवते. महाराष्ट्राने जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वर्षांच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देण्यास सुरुवात केली. त्यात कामाची अट नाही. पण ती हमीही नाही. रोजगार हमीमागे कायदा होता. या योजनेमागे शासन निर्णय आहे, आणि तो शासन पाहिजे तेव्हा बदलू शकते. अट गेली, पण दाद मागण्याची सोयही गेली.

हमी कोणाची: गाझियाबादचे उदाहरण

हक्क कोणाला, हा प्रश्न स्थलांतरिताच्या बाबतीत बिकट होतो. दिल्लीला लागून असलेला गाझियाबाद १९७६ मध्ये मेरठमधून वेगळा जिल्हा झाला आणि साहिबाबादच्या कारखान्यांमुळे व दिल्लीच्या सान्निध्यामुळे वाढला. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले मजूर येथे बांधकामावर, कारखान्यांत आणि माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर दिसतात. मुंबईत ज्याला नाका म्हणतात त्याला येथे लेबर चौक म्हणतात. सकाळी तेथे उभ्या असलेल्या माणसाला कोणी नेले नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. त्याच्या मूळ गावी त्याच्या नावाचे जॉब कार्ड असू शकते, पण ग्रामीण हमीचा हक्क शहरात त्याच्यामागे येत नाही.

मे २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत अडकलेले हजारो मजूर गावी जाणाऱ्या श्रमिक गाड्यांसाठी नाव नोंदवायला गाझियाबादच्या रामलीला मैदानावर जमले होते. त्यांच्या श्रमावर शहर उभे होते, पण शहराकडे मागता येईल असे त्यांचे काही नव्हते. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, याच शहरातील इंदिरापुरमच्या गुरुद्वाऱ्यात श्वास कोंडलेल्या रुग्णांना फुकट प्राणवायू देण्याचे लंगर सुरू झाले. कष्टाची कमाई, नामस्मरण आणि वाटून खाणे ही शीख धर्माची तीन तत्त्वे आहेत. त्यांतले तिसरे तत्त्व येणाऱ्याला पत्ता, जात किंवा कार्ड विचारत नाही. धर्मदान येथे राज्यापेक्षा अधिक सार्वत्रिक ठरले. पण सिलिंडर संपला तर लंगराविरुद्ध कोणाला फिर्याद करता येत नाही, आणि करावीशीही वाटणार नाही.

शहरी मजुरासाठी वेगळे मार्गही आहेत. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. मालकांकडून मजुरीवर ठराविक आकार वसूल करून माथाडी मंडळांमार्फत हमालांना भविष्यनिर्वाह निधी आणि इतर लाभ मिळू लागले. एकाच मालकाकडे काम नसलेल्या मजुरालाही सुरक्षितता देता येते, हे त्यातून सिद्ध झाले. राजस्थानने २०२३ मध्ये किमान हमी उत्पन्नाचा कायदा करून ग्रामीण भागाबरोबर शहरी भागातही वर्षाला १२५ दिवसांच्या कामाची आणि काम करू न शकणाऱ्यांसाठी निवृत्तिवेतनाची हमी दिली. नॉर्वेच्या ११० व्या कलमातील दोन्ही भाग त्यात एकत्र दिसतात.

अटीची न्याय्य मर्यादा

या सर्व उदाहरणांतून कामाच्या अटीबद्दल एक निकष मिळतो. अट दोन्ही बाजूंना बांधत असेल तर ती न्याय्य आहे. काम कर, असे सांगण्याचा अधिकार राज्याला काम देऊनच मिळतो. दिले नाही तर त्याची किंमत राज्याने मोजली पाहिजे आणि ती मोजायला लावण्याचे साधन मागणाऱ्याच्या हाती असले पाहिजे. दुष्काळ संहितेची अट फक्त मजुराला बांधत होती, म्हणून ती कसोटी ठरली. १९७७ च्या कायद्याची अट शासनालाही बांधत होती, म्हणून तिला हमी म्हणता आले. जेथे पावती मिळाली नाही तेथे तीच अट पुन्हा एकतर्फी झाली.

याच निकषाने अटीच्या कक्षेबाहेर कोण राहते हेही ठरते. वृद्ध, आजारी, अपंग आणि घरातल्या देखभालीत गुंतलेली व्यक्ती यांना काम देता येत नाही किंवा त्या आधीच काम करीत असतात. त्यांच्या बाबतीत अटीचा विनिमयच संभवत नाही, म्हणून त्यांचा निर्वाह बिनशर्त असला पाहिजे. आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात दाखवून दिले होते, की ज्याला नोकरी जाण्याची आणि उपाशी राहण्याची धास्ती असते तो आपले मूलभूत हक्क आपणहून सोडून देतो. त्या दृष्टीने पोटाची हमी हा इतर हक्कांनंतर यायचा लाभ नसून ते हक्क वापरता येण्याची पूर्वअट आहे. धडधाकट माणसाकडून श्रमाची अपेक्षा ठेवणे या भूमिकेला बाधक नाही. ती अपेक्षा पूर्ण करण्याची संधी न देता त्याला उपाशी ठेवणे मात्र दानधर्माच्या नीतीतही बसत नाही आणि हक्काच्या नीतीतही नाही.